डबीकाकांचा अर्धा टक्का

एखादी गोष्ट ओली आहे की कोरडी, असं डबीकाकांना कुणी विचारलं तर ते लगेच उत्तर देत नसत. विचारणारा घाईत असेल तर निघून जाई. नसेल तर त्याला अडीच-तीन तासांनी उत्तर मिळे, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. धान्याच्या गोदामात सव्वीस वर्षं ओलावा मोजल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? बाकीचे लोक दाणा दाताखाली घेतात, कटकन मोडला की म्हणतात कोरडा आहे. अशा लोकांची काकांना मनापासून कीव येई. दात आज आहेत, उद्या पडतील, मग काय गोदामाला कुलूप लावायचं, असं ते विचारत.

त्यांची पद्धत साधी होती. गोदामाच्या टोकाला दहा बाय बाराची एक खोली. तिच्यात एक छोटं दळणयंत्र, काचेच्या पेटीत बसवलेला नाजूक तराजू आणि लहान कपाटाएवढी विजेची भट्टी. पोत्यांमधून काढलेला नमुना आला की काका तो भरड दळत, त्यातले बरोबर पाच ग्रॅम एका चपट्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत घेत, तोलत आणि भट्टीत ठेवत. एकशे तीस अंशांवर दोन तास. मग डबीला झाकण लावून ती गार व्हायला एका बंद काचेच्या भांड्यात ठेवायची. त्याच्या तळाशी हवेतली ओल पिणारे निळे खडे असत. गार झाली की पुन्हा तोलायची. वजन जितकं घटलं तितकं पाणी उडालं. त्याला मूळ वजनाने भागा, शंभराने गुणा, झाला ओलावा. बारा टक्क्यांच्या आत असला तर माल गोदामात, वर गेला तर गाडी माघारी. आणा पुन्हा वाळवून.

या डब्यांवरूनच त्यांचं नाव पडलं होतं. डब्या वीस होत्या. प्रत्येक डबीवर आणि तिच्या झाकणावर एकच आकडा कोरलेला होता. चार नंबरच्या डबीवर नऊचं झाकण बसवणारा माणूस काकांच्या लेखी चोराच्या वरताण होता. चोर निदान पूर्ण वस्तू नेतो, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं ते ऑफिसात ठेवून घरी जात असते तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण बायकोने एकदा सहज विचारलं, की दोरीवरचे कपडे वाळले असतील का हो. काकांनी सगळ्या कपड्यांचा प्रातिनिधिक नमुना म्हणून एक हातरुमाल काढला, तोलला, इस्त्रीखाली वाळवला, पुन्हा तोलला आणि नऊ टक्के असं सांगायला बाहेर आले. तोवर बायकोने कपडे काढून, घड्या करून कपाटात लावले होते. मुलगी शाळेत असताना ओल्या केसांनी बाहेर जाऊ का, असं विचारायची चूक तिच्या हातून एकदाच झाली. काकांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं, केस पुसायला लावले, पुन्हा उभं केलं. काटा अर्ध्या किलोच्या खालचं काही दाखवत नसल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तोपर्यंत शाळेची बस निघून गेली होती.

तर अशा माणसाच्या आयुष्यात एके दिवशी एक यंत्र आलं.

ते दिसायला चहाच्या थर्मासइतकंच होतं. वरून मूठभर धान्य ओतायचं, बटण दाबायचं, दहा सेकंदांत आकडा हजर. दळण नाही, भट्टी नाही, निळे खडे नाहीत. गाड्या तोलणारा काटेवाला इतका खूश झाला, की त्याने त्या दिवशी धान्य सोडून साबुदाणा, वाळू आणि बटणं यांचाही ओलावा काढला. यंत्राने सगळ्यांची उत्तरं दिली. काका म्हणाले, जे बटणांचा ओलावा सांगतं, ते उद्या काहीही सांगेल.

पण हे यंत्र मागवलं होतं नव्या मॅडमनी. मॅडम बदली होऊन गोदामाच्या व्यवस्थापक म्हणून येऊन दोनच आठवडे झाले होते. त्या कमी बोलत आणि झटपट ठरवत, त्यामुळे सगळे त्यांना थोडे वचकून होते. त्यांनी ठरवलं की सोमवारी दहा नमुने घ्यायचे आणि भट्टीत व यंत्रात दोन्हीकडे तपासायचे. आकडे जुळले तर दोन्ही ठेवू. नाही जुळले तर भट्टी काढून टाकू, त्या खोलीत सुतळीची बंडलं ठेवू, आणि काका पोत्यांवर शिक्के मारायला येतील.

काकांनी शिक्क्यांचं टेबल लांबून पाहिलं. तिथे एक शाईची ओली गादी होती. तिचा ओलावा आजवर कुणीही मोजलेला नव्हता आणि मोजायची कुणाला इच्छाही दिसत नव्हती. अशा टेबलावर नोकरीची उरलेली सहा वर्षं काढावी लागली असती. तरी त्यांना खात्री होती. भट्टी चुकत नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं आणि कुणी न विचारता रस्त्यावरच्या न्हाव्यालाही सांगितलं.

सोमवारी नऊ ते अकरा या वेळात पाच डब्या भट्टीत गेल्या. आकडे यंत्राशी तंतोतंत जुळले. काटेवाल्याचा चेहरा पडला. काकांनी भट्टीचं दार हातरुमालाने पुसलं. अकरा ते एक दुसऱ्या पाच डब्या. आणि या पाचही डब्यांचे आकडे यंत्रापेक्षा अर्ध्या टक्क्याने कमी आले. एकाचाही अपवाद नाही. एका नमुन्याला यंत्र म्हणत होतं बारा पूर्णांक चार, भट्टी म्हणत होती अकरा पूर्णांक नऊ. म्हणजे यंत्राचं ऐकलं तर गाडी माघारी, भट्टीचं ऐकलं तर गाडी आत.

मॅडमनी आकड्यांचा कागद नीट वाचला आणि खाली ठेवला.

"काका, सकाळी खरं बोलायचं आणि दुपारी खोटं, अशी भट्टी मला चालणार नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी सकाळपर्यंत कारण शोधा आणि लेखी द्या. नाही सापडलं तर खोली रिकामी करू."

काका खोलीत येऊन स्टुलावर बसले. त्यांना राग आला नव्हता, भीती वाटत होती. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी चूक म्हटलं नव्हतं. याचं एक कारण असं, की बाकी कशाविषयी त्यांचं मत कुणी विचारत नसे. जगात एवढी एकच गोष्ट त्यांना नक्की माहीत होती, आणि तीच दुपारनंतर अर्ध्या टक्क्याने डगमगत होती.

मंगळवारी त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. वजनं बरोबर. भट्टीचा तापमापक बरोबर. झाकणं ज्याच्या त्याच्या डबीवर. खडे निळे, म्हणजे कोरडेच. ऑफिसातही चर्चा सुरू झाली होती. कारकुनाचं मत होतं की दुपारी विजेचा जोर कमी होतो. काटेवाल्याचं मत होतं की दुपारी काकांचा जोर कमी होतो. चहा देणारी, फायली पोचवणारी आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी मावशी म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय. ती हे दर प्रकरणात म्हणे, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

बुधवारी काकांनी ठरवलं की भट्टीसमोर बसायचं आणि अकरा ते एक नजर हलवायची नाही. बसले. साडेबारा वाजता मावशी नेहमीप्रमाणे आली, भट्टीचं दार उघडलं, वरच्या कप्प्यात सगळ्यांचे जेवणाचे सात डबे मांडले, कोंडलेल्या वाफेने झाकणं उडू नयेत म्हणून ती जराशी सैल केली, दार लावलं आणि गेली. तिला नीट वळता यावं म्हणून काकांनी आपले गुडघेसुद्धा बाजूला घेतले. आणि पुन्हा डोळ्यांत तेल घालून भट्टीकडे बघत बसले.

ही डबे गरम करायची पद्धत खुद्द काकांनीच नोकरीच्या पहिल्या थंडीत सुरू केली होती. एवढी मोठी भट्टी आणि आपण गार जेवायचं, हे त्यांना तेव्हा पटलं नव्हतं. पुढे पंखा, घड्याळ, खुर्ची यांसारखी ती पद्धतही त्या खोलीचा भाग झाली आणि काकांच्या डोळ्यांना दिसेनाशी झाली.

एक वाजता मावशीने डबे काढायला दार उघडलं आणि वाफेचा लोट काकांच्या चष्म्यावर आला. काकांनी चष्मा काढला. पुसला. घातला. मग खालच्या कप्प्यातल्या आपल्या पाच डब्यांकडे बघितलं आणि मावशीच्या हातातल्या सात डब्यांकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते यालाच. दोन तास ज्या धान्यातलं पाणी उडवायचं, त्याला शेवटचा अर्धा तास ते स्वतः सात घरच्या भाज्यांची वाफ देत होते. शिवाय मधेच दार उघडल्याने भट्टी गार पडायची ती वेगळीच.

दुसरा कुणी असता तर तसाच मॅडमकडे धावत गेला असता. काकांनी आधी मोजायचं ठरवलं. गुरुवारी त्यांनी मावशीला विश्वासात घेतलं. म्हणजे, डब्यांचं काय करताय ते सांगा, नाहीतर हात लावू देणार नाही, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांना सगळं सांगावंच लागलं. मग दार लावून त्यांनी सातही डबे भट्टीत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर मोठ्या काट्यावर तोलले. कुणाच्या डब्यात डोकवायचं नाही, फक्त वजन घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण आकडे बघितल्यावर ते पाळणं त्यांना जमलं नाही.

मावशीचा डबा तीन ग्रॅमने घटला. तिच्या डब्यात सगळं सुकं होतं. कारकुनाचा नऊ, काटेवाल्याचा चौदा. मॅडमचा सहा. उघडून बघितलं तर आत काकडीच्या चकत्या होत्या, कडेने वाकलेल्या आणि चटका बसेल इतक्या गरम. आणि खुद्द डबीकाकांचा डबा एक्केचाळीस ग्रॅमने घटला होता.

काकांनी तो तीनदा तोलला. आकडा हलेना. भट्टीतल्या पाच डब्यांत सगळं मिळून तीन ग्रॅम पाणी असेल नसेल, आणि ते शोधायला बसलेला माणूस त्याच भट्टीत रोज आपल्या घरचं एक्केचाळीस ग्रॅम पाणी आणून सोडत होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

शुक्रवारी दुपारी एकही डबा भट्टीत गेला नाही. का, ते काकांनी सगळ्यांना समोर उभं राहून सांगितलं. सव्वीस वर्षं दुपारचे आकडे थोडे कमी येत होते, याचं कुणालाच फारसं दुःख झालं नाही. आत आलेला माल अर्ध्या टक्क्याने काही कुजला नव्हता. दुःख झालं ते गार जेवणाचं. काटेवाला म्हणाला, यंत्र ठेवा, भट्टी काढा, पण निदान डबे गरम करायला एक भट्टी आणा. मॅडम मात्र पहिल्यांदाच त्यांच्यात येऊन जेवायला बसल्या. गार काकडी खाऊन त्यांनी डोळे मिटले. दोन आठवडे रोज उकडलेली काकडी खात होते, म्हणाल्या, मला वाटलं इथे तशीच पद्धत असेल, नव्या माणसाने कशाला बोलायचं.

काकांनी आपला डबा उघडला. उघडताना तो डचमळला आणि रस्सा टेबलावर सांडला. आत भाजीच्या चार फोडी बुडून बसल्या होत्या आणि वर नुसतं पाणी. काटेवाल्याने वाकून बघितलं आणि विचारलं, काका, डबा आणलात की विहीर. सगळे हसले. काकांनाही हसावं लागलं.

दोन वाजता आकडे आले. पाचही यंत्राशी जुळले.

भट्टी वाचायला आता फक्त एक कागद हवा होता. आणि तो कसा लिहायचा, याविषयी ऑफिसचं अगदी एकमत झालं. दोष एकाच डब्याचा. कारकुनाने मसुदाही तयार केला: एका कर्मचाऱ्याच्या घरून येणाऱ्या डब्यात प्रमाणाबाहेर रस्सा असल्याने आकड्यांत फरक पडला, सबब तो डबा वगळून इतर सहा डबे पूर्ववत भट्टीत ठेवावेत. मॅडम सोडून बाकी सगळ्यांना हे फारच आवडलं. खरं सांगायचं तर काकांनाही आवडलं. भट्टी निर्दोष, पद्धत निर्दोष, तपासणारा निर्दोष. दोष कुठे, तर घरच्या स्वयंपाकघरात, जिथे मॅडम कधी येणार नव्हत्या. त्यांनी मसुद्याची घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी ते जेवायला बसले आणि बायकोला म्हणाले, "उद्यापासून डब्यातल्या भाजीत पाणी कमी घाल. एक्केचाळीस ग्रॅम जास्त होतंय."

बायको वाढत होती. तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली. काकांनी ताटाकडे पाहिलं. भाजी छान दाट होती. चमचा उभा राहील अशी. सकाळी डब्यात होती तीच भाजी. दोन्ही वेळची भाजी ती सकाळीच करून ठेवी. मग ही अशी आणि ती तशी कशी, हे काही त्यांच्या ध्यानात येईना.

"घरच्यासाठी मी अशीच करते," बायको म्हणाली. "तुमच्या डब्यापुरती वेगळी काढते, त्यात पाणी घालते आणि पुन्हा उकळी आणते. तुम्हीच म्हणाला होतात ना, डब्यातली भाजी कोरडी लागते म्हणून."

काकांनी विचारलं, कधी म्हणालो?

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी. मग वर्षभराने पुन्हा म्हणालात. अजूनही अधूनमधून म्हणता. तुम्ही म्हणालात की मी थोडं पाणी वाढवते." तिने आणखी एक डाव वाढला. "तीन वेळा डबा बदलला. झाकणाला आतून फडकं लावून बघितलं. आईला विचारलं, तीही म्हणाली असं कसं होतं. शेवटी वाटायला लागलं, माझ्याच हाताला काहीतरी आहे."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. सगळ्या जगाच्या धान्यातलं पाणी उडवून मोजणारा हा माणूस रोज स्वतःची भाजी एकशे तीस अंशांवर अर्धा तास वाळवत होता, खात होता आणि घरी येऊन ती कोरडी असल्याचं सांगत होता. ती ऐकून पाणी घालत होती. ते पाणी भट्टीत उडून पुन्हा भाजी कोरडीच. आणि रोज पहाटे स्वयंपाकघरात त्याच्यासाठी दुसरं पातेलं चढत होतं, सव्वीस वर्षं. काकांना इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

त्यांनी भट्टीचं सगळं सांगितलं. डबा गरम करून खातो, हे बायकोला आजवर ठाऊकच नव्हतं. वाटेत गार होत असेल, असं तिला वाटायचं. मग तिने विचारलं, एकशे तीस? काका म्हणाले, एकशे तीस. आणि ती जी हसायला लागली ती हातातला डाव खाली ठेवून जमिनीवरच बसली. तिने मुलीला फोन लावला, पण हसण्यामुळे तिला काही सांगता येईना. शेवटी काकांनाच फोन घेऊन सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

शनिवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर कागद होता. कारकुनाचा मसुदा नव्हता तो. काकांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: "दुपारच्या आकड्यांत फरक पडण्याचं कारण असं, की परीक्षकाने नियम मोडून भट्टीत जेवणाचे डबे ठेवायची पद्धत सुरू केली. सर्वाधिक पाणी परीक्षकाच्याच डब्यातून आलं. ते पाणी परीक्षकाच्या चुकीच्या तक्रारीवरून घालण्यात येत होतं. डबा देणाऱ्या व्यक्तीचा यात काहीही दोष नाही. तिने सव्वीस वर्षं परीक्षकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला."

मॅडमनी कागद दोनदा वाचला. फाइलला हा असाच लावायचा का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, असाच लावा, पडताळून पाहिलेलं आहे. मॅडमनी खाली शेरा मारला. यंत्र बरोबर चाललंय की नाही हे बघायला कुणीतरी खरा आकडा सांगणारा लागेलच, तेव्हा भट्टी राहू द्या आणि काकाही राहू द्या. डबे मात्र बाहेर.

काकांनी त्यांचे आभार मानले, पण ते दारातच रेंगाळले. मग चाचरत म्हणाले, एक प्रत मिळाली तर बरं होईल. सहीशिक्क्याची.

ती प्रत त्यांनी संध्याकाळी बायकोच्या हातात दिली. तिने चष्मा शोधला, खिडकीशी जाऊन सावकाश वाचली, शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"बरं झालं," ती म्हणाली. "तोंडी म्हणाला असतात तर सवयीने मी पुन्हा पाणी घालायला लागले असते."